बटण कुठे बांधायचे?
ओढून-ठेवून ॲपची स्क्रीन घडवणाऱ्या साधनांची ओळख

संगणक शिकत होतो त्या वर्षी मी एका वाचनालयासाठी सभासद-नोंदणीचा फॉर्म केला होता, व्हिज्युअल बेसिक ६ मध्ये. वर संपूर्ण नाव, त्याखाली पत्ता, फोन, अनामत रक्कम आणि सगळ्यात खाली उजव्या कोपऱ्यात ‘नोंदणी करा’ हे बटण. माऊसने एकेक वस्तू उचलायची, फॉर्मवर आणून सोडायची, कडा जुळवायच्या. दुपारभरात फॉर्म उभा राहिला. आमच्या वर्गातला मॉनिटर ८०० बाय ६०० चा होता, वाचनालयातला जुना ६४० बाय ४८० चा. तिथे फॉर्म उघडला तेव्हा नोंदणीचे बटण स्क्रीनच्या खाली गेलेले. ग्रंथपाल बाईंनी सगळी माहिती नीट भरली आणि माझ्याकडे बघून विचारले, “आता कुठे दाबायचं?”

बटण मी ठेवले होते, पण ते कशाच्या आधाराने तिथे राहावे हे कुठेच सांगितले नव्हते. ओढून-ठेवून स्क्रीन घडवणाऱ्या साधनांची सगळी गंमत आणि सगळी अडचण याच एका गोष्टीत आहे. वस्तू ठेवणे सोपे असते. ती कशाला बांधलेली आहे हे सांगणे, हे खरे काम.

साधनाचे चार भाग

साधन कोणतेही घ्या, उघडल्यावर साधारण चार भाग दिसतात. एका बाजूला पेटी असते: बटण, लेबल, टेक्स्ट बॉक्स, यादी, चित्र, टिकमार्कची चौकट अशा तयार वस्तू तिच्यात मांडलेल्या असतात. मधोमध कोरी स्क्रीन. तिसरा भाग म्हणजे स्क्रीनवर ठेवलेल्या वस्तूंचा वंशवृक्ष: कोण कोणाच्या पोटात आहे ते तिथे दिसते. चौथा भाग गुणधर्मांचा. निवडलेल्या वस्तूचे नाव, रंग, रुंदी, अक्षरांचा आकार, ती दाबता येईल की नाही, हे सारे तिथे बदलायचे.

यातला वंशवृक्ष नवशिके सहसा उघडतच नाहीत, आणि गोंधळ तिथूनच सुरू होतो. डोळ्यांना बटण चौकटीच्या आत दिसते, पण वृक्षात ते चौकटीच्या शेजारी असते. मग चौकट हलवली की बटण मागे राहते. असे काही झाले की आधी वृक्ष पाहावा, हा माझा अनुभव.

या चार भागांना जोडून येते ती घटना, म्हणजे इव्हेंट. व्हिज्युअल बेसिकमध्ये फॉर्मवरच्या बटणावर दोनदा क्लिक केले की कोडची खिडकी उघडायची आणि त्या बटणाच्या क्लिकचे रिकामे घर तयार मिळायचे. बटण दाबल्यावर काय व्हायला हवे, एवढेच आपण त्यात लिहायचे. दिसणे आणि वागणे यांच्यातला हा सरळ रस्ता पाहूनच कितीतरी जण प्रोग्रॅमिंगकडे वळले.

ही कल्पना कुठून आली

सुरुवात १९६३ पर्यंत मागे जाते. अमेरिकेतील एमआयटीमध्ये आयव्हन सदरलँड यांनी पीएचडीसाठी ‘स्केचपॅड’ नावाचा प्रोग्रॅम लिहिला. टीएक्स-२ या मोठ्या संगणकाच्या पडद्यावर प्रकाशलेखणीने रेघ काढता येई. पण त्यातली मोलाची गोष्ट रेघ काढण्याच्या पुढची होती. ‘या दोन रेघा समांतर राहू देत’, ‘या बाजू सारख्या लांबीच्या असू देत’ अशा अटी घालता येत, आणि आकृती त्या अटी पाळत स्वतःला सावरून घेई. चित्रासोबत चित्राचे नियमही संगणकाला सांगता येतात, हे तिथे पहिल्यांदा ठसठशीतपणे दिसले.

पुढचा टप्पा फ्रान्समधला. आयएनआरआयए या संशोधन संस्थेत काम करणारे झाँ-मारी युलो यांनी लिस्प भाषेत, मॅकिंटॉशवर चालणारे एक साधन तयार केले. त्यात खिडक्या, मेनू, बटणे माऊसने मांडता येत. १९८६ मध्ये ते बाजारात आले. ते पाहून स्टीव्ह जॉब्ज यांनी युलो यांना आपल्या नेक्स्ट कंपनीत आणले, आणि १९८८ च्या नेक्स्ट संगणकाबरोबर ‘इंटरफेस बिल्डर’ आला. त्यात बटणापासून दुसऱ्या वस्तूपर्यंत माऊसने एक तार ओढायची आणि ‘हे दाबले की त्याला सांग’ असे जोडून द्यायचे. स्वित्झर्लंडमधील सर्न या प्रयोगशाळेत टिम बर्नर्स-ली यांनी १९९० मध्ये जगातला पहिला वेब ब्राउझर लिहिला तो याच नेक्स्ट संगणकावर. एकट्याने, थोड्या महिन्यांत ते काम उरकले, त्यात खिडक्या आणि मेनू आयते जोडता येण्याचा मोठा वाटा होता.

त्याच सुमारास ॲलन कूपर यांनी विंडोजसाठी एक आवरण घडवले होते. पेटीतून वस्तू उचलून वापरणाऱ्याने स्वतःच आपली मांडणी करावी, अशी ती कल्पना. १९८८ मध्ये ती बिल गेट्स यांच्यापुढे आली. मायक्रोसॉफ्टने ती घेतली, तिला बेसिक भाषेची जोड दिली आणि मे १९९१ मध्ये व्हिज्युअल बेसिक जाहीर झाले. १९९५ मध्ये बोरलँडची डेल्फी आली. भारतातल्या, महाराष्ट्रातल्या संगणक वर्गांत पुढची अनेक वर्षे व्हिज्युअल बेसिक ६ शिकवले गेले. आज चाळिशी-पन्नाशीत असलेल्या कितीतरी प्रोग्रॅमरांनी पहिले बटण तिथेच ठेवले आहे.

चित्राच्या मागे काय लिहिले जाते

आपण माऊस हलवतो तेव्हा साधन गुपचूप काहीतरी लिहीत असते. ते काय लिहिते, त्यावरून साधनांचे दोन मोठे गट पडतात.

पहिला गट थेट कोड लिहितो. मायक्रोसॉफ्टच्या विंडोज फॉर्म्समध्ये बटण सरकवले की एका वेगळ्या फाइलमध्ये बटणाच्या जागेची ओळ बदलते. ती फाइल साधनाची, तिला आपण सहसा हात लावायचा नसतो. हाताने केलेला बदल पुढच्या वेळी साधन पुसून टाकू शकते, किंवा मांडणी उघडायलाच नकार देऊ शकते.

दुसरा गट स्क्रीनचे वर्णन वेगळ्या फाइलमध्ये जपतो. अँड्रॉइडची पारंपरिक मांडणी, क्यूटी डिझायनर, लिनक्सच्या जगातले ग्लेड, ही सगळी एक्सएमएल या मजकुराच्या रूपात वर्णन ठेवतात: हे बटण, त्याचे नाव हे, त्यावरची अक्षरे ही, ते अमुक वस्तूच्या खाली. प्रोग्रॅम चालू होताना ते वर्णन वाचून खऱ्या वस्तू उभ्या केल्या जातात, किंवा आधीच त्यावरून कोड तयार करून घेतला जातो. या पद्धतीचा फायदा असा की दिसणे एका फाइलीत आणि वागणे दुसऱ्या फाइलीत राहते. रंग बदलायला हिशेबाच्या कोडमध्ये शिरावे लागत नाही.

शिकणाऱ्याने एक सवय लावून घ्यावी. दर थोड्या वेळाने चित्राकडून मागच्या मजकुराकडे जाऊन पाहावे. अँड्रॉइड स्टुडिओत चित्र आणि मजकूर शेजारी-शेजारी उघडता येतात. बटण ओढताना मजकुरातली कोणती ओळ बदलते हे दहा वेळा पाहिले की साधनाची जादू वाटेनाशी होते आणि त्यावर पकड येते.

मोजून ठेवलेली जागा का टिकत नाही

माझ्या वाचनालयाच्या फॉर्ममध्ये प्रत्येक वस्तूची जागा मोजून ठेवलेली होती: डावीकडून इतकी, वरून इतकी. व्हिज्युअल बेसिक ती ट्विपमध्ये मोजायचे. एका इंचात १४४० ट्विप, म्हणजे माप अगदी बारीक. पण माप कितीही बारीक असले तरी स्क्रीन बदलली की ते निरुपयोगी ठरते.

मोबाइल आल्यावर हा प्रश्न टाळता येईनासा झाला. २००७ च्या पहिल्या आयफोनची स्क्रीन ३२० बाय ४८० होती. पुढची पाच वर्षे आयफोनच्या स्क्रीनचे हे माप मांडणीच्या हिशेबात बदलले नाही. २०१० च्या आयफोन ४ मध्ये ठिपके दुप्पट दाट झाले, पण मोजण्याची पट्टी तीच राहिली. त्यामुळे मोजून ठेवलेली बटणे चालून गेली. सप्टेंबर २०१२ मध्ये आयफोन ५ उंच झाला, ४८० चे ५६८ झाले, आणि जुन्या ॲपच्या वर-खाली काळ्या पट्ट्या दिसू लागल्या. त्याच महिन्यात आलेल्या आयओएस ६ मध्ये ॲपलने ‘ऑटो लेआउट’ दिले. मॅकवर ते एक वर्ष आधी आले होते. त्यात जागेचा आकडा देण्याऐवजी वस्तूंमधली नाती सांगायची असतात. अँड्रॉइडवर तर पहिल्यापासूनच नाना मापांचे फोन होते. तिथे २०१६ मध्ये ‘कन्स्ट्रेंट लेआउट’ जाहीर झाले आणि माऊसने नाती जोडणे सोपे झाले.

या दोन्हींच्या मुळाशी एकच गणित आहे. वॉशिंग्टन विद्यापीठातील ॲलन बॉर्निंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकात ‘कॅसोवरी’ नावाची पद्धत मांडली. आपण सांगितलेली प्रत्येक बांधणी हे एक छोटे समीकरण धरायचे आणि सगळी समीकरणे एकत्र सोडवून प्रत्येक वस्तूची जागा काढायची. काही अटी पाळायलाच हव्यात, काही शक्य तेवढ्या पाळाव्यात, असा मानही त्यात ठरवता येतो. सदरलँड यांच्या समांतर रेघा इतक्या वर्षांनी आपल्या खिशात आल्या त्या अशा.

एक ओळ, जवळून

वाचनालयाच्या फॉर्मची एकच ओळ अँड्रॉइड स्टुडिओत घडवून पाहू: डावीकडे ‘संपूर्ण नाव’ हे लेबल, उजवीकडे लिहायची चौकट.

पेटीतून लेबल उचलून स्क्रीनवर सोडा. लेबल निवडले की त्याच्या चारही बाजूंना छोटी वर्तुळे दिसतात. ही बांधायची कडी. नुसते सोडून दिलेले लेबल मांडताना जिथल्या तिथे दिसते, पण ॲप चालवले की थेट डाव्या-वरच्या कोपऱ्यात उडी मारते, कारण त्याला कशाचाच आधार नसतो. साधन तशी लाल सूचनाही देते. पुष्कळ जण त्या सूचनेकडे दुर्लक्ष करतात आणि मग फोनवर सगळ्या वस्तू एकमेकींवर रचलेल्या पाहून घाबरतात.

आता लेबलची डावी कडी स्क्रीनच्या डाव्या कडेपर्यंत ओढा आणि १६ चे अंतर द्या. चौकटीची डावी कडी लेबलच्या उजव्या कडेला बांधा, अंतर ८. चौकटीची उजवी कडी स्क्रीनच्या उजव्या कडेला, अंतर १६. चौकटीच्या रुंदीत शून्य भरा. शून्य म्हणजे इथे ‘दोन्ही बंधनांमध्ये उरेल तेवढी जागा घे’. लेबल आणि चौकट या दोन्हींची वरची बाजूही बांधा, नाहीतर ती वरच्या कडेला जाऊन चिकटतील.

हिशेब असा पडतो. ३६० रुंदीच्या फोनवर लेबल ८८ चे असेल, तर चौकटीला ३६० मधून १६, ८८, ८ आणि १६ वजा जाऊन २३२ मिळतात. ४१२ रुंदीच्या फोनवर त्याच बंधनांतून २८४ मिळतात. लेबल वाढून १२० झाले, तर ३६० च्या फोनवर चौकट आपोआप २०० वर येते. आपण एकदाही चौकटीची जागा सांगितलेली नाही, तरी ती तिन्ही वेळा बरोबर बसते.

हे आकडे ठिपक्यांचे नाहीत, डीपी या मापाचे आहेत. इंचाला १६० ठिपके असलेल्या स्क्रीनवर १ डीपी म्हणजे १ ठिपका, ४८० असलेल्या स्क्रीनवर ३ ठिपके. म्हणून १६ चे अंतर दाट स्क्रीनवर ४८ ठिपक्यांचे होते आणि डोळ्यांना दोन्हीकडे जवळपास सारखेच दिसते. याच मापात बोटाने दाबायची वस्तू किमान ४८ बाय ४८ असावी अशी अँड्रॉइडची शिफारस आहे. ॲपलची शिफारस ४४ पॉइंटची.

खाली ‘मोबाइल क्रमांक’ ही दुसरी ओळ आली की नवा प्रश्न येतो: दोन्ही चौकटी एका सरळ रेषेत कशा सुरू व्हाव्यात? त्यासाठी बॅरिअर नावाची न दिसणारी उभी रेघ मिळते. ती दोन्ही लेबलांकडे पाहते आणि जे लांब असेल त्याच्या कडेला जाऊन उभी राहते. चौकटी त्या रेघेला बांधायच्या.

मराठी मजकूर भरल्यावर

या बंधनांची खरी कसोटी भाषा बदलल्यावर लागते. मांडणी करणारा बहुतेक वेळा इंग्रजी शब्द घालून बघतो. ‘ओके’ दोन अक्षरांत बसते, ‘ठीक आहे’ ला जास्त जागा लागते. ‘सेव्ह’ च्या मापाने कापलेल्या बटणात ‘जतन करा’ मावत नाही आणि शेवटी तीन टिंबे दिसतात. रुंदीचा आकडा ठोकून दिला की असे होते. रुंदी मजकुरावर सोपवली की बटण शब्दाप्रमाणे वाढते.

उंचीचा प्रश्न तर खास आपल्या लिपीचा. ‘कृपया अटी व शर्ती वाचा’ हे वाक्य घ्या. ‘शर्ती’ मध्ये शिरोरेघेच्या वर वेलांटी आणि तिच्यावर रफार. ‘कृ’ मध्ये अक्षराच्या खाली ऋकार. रोमन अक्षरांच्या उंचीवरून ठरवलेल्या ओळीत वरचा रफार छाटला जातो, खालचा ऋकार पुढच्या ओळीला टेकतो. माणूस अडखळत का होईना वाचतो, पण ॲप आपल्यासाठी केलेले नाही हे त्याला लगेच कळते. म्हणून मजकुराच्या चौकटीला ठरीव उंची देऊ नये, आणि अक्षरांचे माप एसपीमध्ये द्यावे. वापरणाऱ्याने फोनच्या सेटिंगमध्ये अक्षरे मोठी केली असतील तर एसपीतले मापही वाढते. चष्मा लागलेल्या आजोबांना त्याचा किती उपयोग होतो, हे त्यांच्या शेजारी बसल्यावरच समजते.

शब्द थेट बटणावर टाइप करण्याचा मोहही आवरावा. अँड्रॉइडमध्ये मजकुराची वेगळी फाइल असते. मराठीसाठी तिची वेगळी प्रत ठेवली की फोनची भाषा मराठी असताना तीच आपोआप उघडते. मांडणीच्या खिडकीतच भाषा बदलून स्क्रीन कशी दिसेल ते पाहता येते. बंधने बांधताना ‘डावी-उजवी’ ऐवजी ‘सुरुवात-शेवट’ या कडा वापरल्या, तर तीच स्क्रीन उजवीकडून डावीकडे लिहिल्या जाणाऱ्या उर्दूतही आपसूक उलटी होऊन नीट बसते.

दृष्टिहीन वापरकर्त्यांसाठी गुणधर्मांच्या यादीत आणखी एक रकाना असतो, वर्णनाचा. नुसते चित्र असलेल्या बटणाला तिथे ‘पुस्तक शोधा’ असे लिहिले की फोन ते वाचून दाखवतो. तो रकाना रिकामा ठेवला तर स्क्रीन वाचणाऱ्या साधनाला त्या बटणाचा अर्थ सांगता येत नाही. भरायला अर्धे मिनिट लागते.

माऊस कुठे थांबतो

या साधनांना मर्यादा आहेत. यादीत दहा पुस्तके असतील की दहा हजार, हे मांडताना माहीत नसते. तिथे एका ओळीचा नमुना घडवायचा आणि बाकीचे कोडवर सोडायचे. दोघांनी एकाच वेळी एक स्क्रीन बदलली तर मागच्या फाइली एकत्र करणे जिकिरीचे होते. ॲपलच्या स्टोरीबोर्डमध्ये अनेक स्क्रीन एकाच फाइलीत राहतात, त्यामुळे मोठ्या संघांना हा त्रास फार जाणवला.

म्हणून गेल्या काही वर्षांत वारा थोडा फिरला आहे. २०१९ मध्ये ॲपलने स्विफ्ट यूआय आणले, २०२१ मध्ये गूगलच्या जेटपॅक कंपोजची पहिली पक्की आवृत्ती आली. दोन्हींत स्क्रीनचे वर्णन छोट्या, वाचता येणाऱ्या कोडमध्ये लिहायचे आणि शेजारी तिचे चित्र पाहायचे. चित्र आणि मजकूर या दोघांपैकी कायम जपायचा तो मजकूर, असा हा कौल आहे. पण आत गेलात तर भेटतात त्याच रांगा, तेच स्तंभ, तीच अंतरे. ज्याने माऊसने नाती बांधायला शिकून घेतले आहे, त्याला हे कोड परके वाटत नाही.

फिग्माची गोष्ट निराळी. २०१६ मध्ये सर्वांसाठी खुले झालेले हे साधन ब्राउझरमध्ये चालते आणि अनेक जण एकाच वेळी त्यात काम करतात. पण त्यात घडते तो स्क्रीनचा आराखडा. तो चालणारे ॲप व्हायला पुढे कोणाला तरी ते लिहावे लागते. गिऱ्हाइकाला आधी दाखवून होकार घ्यायला मात्र यासारखे सोयीचे दुसरे काही नाही.

सुरुवात करणाऱ्यांसाठी

शाळेतल्या मुलांना किंवा प्रोग्रॅमिंग कधीच न केलेल्या शिक्षकांना मी एमआयटी ॲप इन्व्हेंटर सुचवतो. २०१० मध्ये गूगलमध्ये हॅल ॲबल्सन यांच्या पुढाकाराने ते सुरू झाले आणि २०१२ पासून एमआयटी ते चालवते. ते मोफत आहे आणि ब्राउझरमध्ये चालते. एका बाजूला स्क्रीन मांडायची, दुसऱ्या बाजूला रंगीत ठोकळे एकमेकांत बसवून वागणे ठरवायचे. फोनवर त्याचे जोडीदार ॲप घेतले की इथे केलेला बदल तिथे लगेच दिसतो. अँड्रॉइडवर पुढे जाणाऱ्याने अँड्रॉइड स्टुडिओ घ्यावा. संगणकावरचे प्रोग्रॅम पायथनमध्ये करणाऱ्याने क्यूटी डिझायनर पाहावा.

साधन कोणतेही असो, स्क्रीन तयार झाली असे वाटले की तीन परीक्षा घ्याव्यात. मिळेल त्या सर्वांत लहान फोनवर उघडावी. अक्षरांचा आकार सेटिंगमध्ये सर्वांत मोठा करावा. आणि प्रत्येक लेबलमध्ये मराठीतला लांबात लांब शब्द घालावा. जिथे काही फाटेल, तिथे बंधन चुकले आहे किंवा घातलेच नाही असे समजावे.

वाचनालयाचा तो फॉर्म आज करायचा झाला, तर ‘नोंदणी करा’ हे बटण मी स्क्रीनच्या खालच्या कडेला बांधीन. नाव, पत्ता, फोन, अनामत हे रकाने वर-खाली सरकणाऱ्या चौकटीत ठेवीन आणि त्या चौकटीची खालची कड बटणाच्या वरच्या कडेला बांधीन. स्क्रीन लहान असली तर रकाने सरकतील, बटण मात्र नजरेसमोर राहील. बाईंना कुठे दाबायचे हे विचारावे लागणार नाही.